वाचून दाखविला, बरोबर आहे

कसाऱ्याची लोकल खडवलीस क्षणभर थांबून वासिंदच्या दिशेने निघून गेली म्हणजे फलाटावर जी शांतता उतरते, तिची खरी जाणीव कल्याणच्या गर्दीत सगळी हयात काढलेल्या माणसालाच होते. उतरलेली दहापाच माणसे आपापल्या वाटेला लागतात, आणि मग करवंदांच्या पाट्या पुढे घेऊन बसलेल्या बायांचे आपसातले बोलणे तेवढे कानावर येत राहते. माझ्या मामांचे घर या स्थानकापासून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. मामा महसूल खात्यात अव्वल कारकून होते. शहापूर, जव्हार, कल्याण अशा निरनिराळ्या कचेऱ्यांतून सबंध आयुष्य दप्तराच्या सहवासात घालवून ते या वडिलोपार्जित घरात येऊन राहिले, आणि मी कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकविणारी त्यांची भाची, दर मे महिन्यात त्यांच्याकडे चार दिवस येऊन राहते. त्या चार दिवसांत आमचा एखाद्या तरी विषयावर वाद होतो आणि तो भातसेच्या काठच्या खडकावर बसून होतो, हा आमचा जुना परिपाठ आहे.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी मामेभावाने आपल्याबरोबर एक पाहुणा आणला. तो जर्मनीहून आलेला एक तरुण अभियंता होता. हिंदुस्थानात पाऊल ठेवून त्याला तीनच दिवस झाले होते, आणि मुंबईबाहेरचे असे त्याने अद्याप काहीच पाहिले नव्हते. मुलगा मोठा गुणी. जेवताना पाटावर मांडी घालून बसण्याचा त्याने जो प्रामाणिक प्रयत्न केला, त्याने मामी तर प्रसन्न होऊन गेल्या. त्याच्या खिशात एक लहानशी वही होती आणि तीत तो अधूनमधून काही टिपून ठेवीत होता. ऊन उतरल्यावर आम्ही सर्व नदीवर गेलो तेव्हा मी त्याला विचारले की, त्या वहीत काय आहे ते आम्हांला वाचून दाखवशील का? तो थोडा संकोचला. परंतु त्याने वाचले.

दिवसभरात त्याने तीन गोष्टी टिपल्या होत्या. पहिली कल्याण स्थानकाविषयी: येथे माणसे एकमेकांना घासून, ढकलून धावतात, पण कोणाच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही. दुसरी खडवलीच्या फलाटावरच्या करवंदवालीविषयी: तिने पाच पेले मोजून पळसाच्या पानांच्या द्रोणात ओतले, पाच पेल्यांचेच पैसे घेतले, आणि मग पाटीतली आणखी एक मूठ त्यावर घातली, तिला हिशेब नीट येत नसावा. तिसरी नदीविषयी: मे महिन्याच्या मध्यावर ही नदी भरून वाहते आहे, या मुलखाला पाण्याची ददात नाही, येथील लोक सुखी आहेत.

वाचून झाल्यावर तो आणि माझा मामेभाऊ पाण्यात उतरून वरच्या अंगाला गेले. मी आणि मामा खडकावर राहिलो.

"तीन नोंदी, आणि तिन्ही चुकीच्या," मी म्हणाले, आणि माझ्या स्वरात जरा कठोरपणा होता हे मला कबूल केले पाहिजे. कारण तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे नव्हताच, त्याच्या मागे उभी असलेली प्रवाशांची सगळी रांग होती. "मामा, शेकडो वर्षे हे असेच चालले आहे. कोणी दर्यावरून येतो, बंदरात उतरतो, चार दिवस राहतो, आणि जन्मभर इथे राहणाऱ्यांविषयी निकाल देऊन निघून जातो. ही नदी मे महिन्यात का वाहते हे त्याला ठाऊक आहे काय? वर शहापूर तालुक्यात धरण आहे, त्यातून सोडलेले पाणी या पात्रातून खाली पिशाला जाते, आणि तिथून उचलून ते मुंबईला नेतात. हे मुंबईचे पाणी आहे. आपल्या दारावरून नुसते जाते. आणि तो लिहितो, येथील लोक सुखी!"

मामा काही वेळ पाण्याकडे पाहत राहिले. ते वाद घालताना कधी घाई करीत नाहीत. कारकुनाच्या लेखणीला जी सवय असते, आधी टाक पुसावा, मग दौतीत बुडवावा, तशी त्यांच्या बोलण्याला आहे.

"चुकीच्या म्हणू नकोस," ते म्हणाले, "अपुऱ्या म्हण. पाणी वाहते आहे ना? मग त्याने वाहते आहे असे लिहिले. आमच्या खात्यात याला पंचनामा म्हणतात. पंचांनी समक्ष जे पाहिले ते लिहावयाचे. जमीन कोणाची, बोजा कोणाचा, कूळ कोण, हे पंचनाम्यात नसते, ते फेरफाराला आणि सातबाऱ्याला पाहावे. पंचनाम्यात मालकी शोधू गेलीस तर तुझीच चूक. पण म्हणून पंचनामा टाकून देता येत नाही. कारण त्या दिवशी, त्या घटकेला जागेवर काय होते, हे पुढे दुसऱ्या कोणत्याच कागदावरून कळत नाही."

"परंतु पंच निःपक्षपाती लागतात," मी म्हणाले. "तुमच्याच शास्त्राप्रमाणे बोलते. ज्याचा त्या प्रकरणात हितसंबंध आहे त्याला पंच म्हणून उभे करीत नाहीत. आणि आपल्या या मुलखाविषयी ज्या परकीयांनी लिहून ठेवले, त्यांतला हितसंबंध नसलेला एक तरी दाखवा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासूनच्या बंदरांचे वर्णन लिहिले. त्यात कल्याण आहे, पण कशासाठी? तर येथे माल उतरविण्यास आता अडथळा होतो, चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला पाठविली जातात, एवढे आपल्या धंदेवाईकांना कळविण्यासाठी. त्याच सुमाराच्या शतकांत कल्याणचे लोक कान्हेरीच्या लेण्यांत दाने देत होते. तिथल्या एका लेखात पाण्याचे टाके देणारा कल्याणचा सोनार आहे. त्या व्यापाऱ्याच्या कल्याणात सोनार नाही, टाके नाही. जकात आणि पहारा आहे. सहाव्या शतकातला कॉस्मस आला, त्याने कल्याणहून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड निघते असे लिहिले आणि येथे इराणातून नेमलेला बिशप आहे हेही लिहिले, कारण त्याला व्यापार आणि धर्म या दोनच गोष्टींशी कर्तव्य होते."

"आणि म्हणून कल्याणहून कापड आणि पितळ निघत होते हे तुला आज ठाऊक आहे," मामा म्हणाले. "हितसंबंधी पंचाची साक्ष हितसंबंध वजा करून वाचावी. त्याचे डोळे काही फुटलेले नसतात."

हे वाक्य मला त्या वेळी आवडले नाही; परंतु त्यानंतर ते मी अनेकदा मनाशी घोळविले आहे. त्या क्षणी मात्र मी ठाण्याकडे वळले, कारण ठाण्याचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे अशी माझी खात्री होती. ओडोरिक नावाचा एक फ्रान्सिस्कन भिक्षू चौदाव्या शतकात, १३२२ च्या सुमारास, ठाण्यास उतरला. शिलाहारांचे श्रीस्थानक तोपर्यंत दिल्लीच्या अमलाखाली गेलेले होते, आणि १३२१ मध्ये त्याच्याच पंथाच्या चार भिक्षूंना तेथे ठार मारण्यात आले होते. त्यांच्या अस्थी गोळा करून पुढे नेणे हे त्याने आपले कर्तव्य मानले. असा शोकाकुल आणि श्रद्धाळू मनुष्य जे नगर पाहील ते कसे पाहील? त्याने लिहिले की, येथील लोक अग्नी, सर्प आणि वृक्ष यांची पूजा करतात. मृतांना पुरीत नाहीत, रानात नेऊन पशुपक्ष्यांसाठी ठेवतात. ही बहुधा ठाण्यातील पारशांची चाल असावी. ती त्याने साऱ्या नगराच्या माथी मारली. आणि त्याने लिहिले की, येथे कुत्र्यांएवढे उंदीर आहेत, त्यांच्यापुढे मांजरांचे काही चालत नाही!

"कुत्र्याएवढे उंदीर!" मी म्हणाले. "मुले वर्गात हसतात."

"हसू देऊ नकोस," मामा म्हणाले, आणि प्रथमच त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. "ती घूस आहे."

मी गप्प झाले.

"तू कल्याणच्या जुन्या वाड्यात वाढलीस. तुझ्या आजीच्या मोरीतून घूस येत असे ती विसरलीस? मांजर तिच्यापुढे पाठ फुगवून मागे सरे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या साधूने इटलीत कधी घूस पाहिली नव्हती. त्याच्यापाशी शब्द दोनच होते, उंदीर आणि कुत्रा, ते दोन्ही त्याने लावले. आणखी काय लिहिले आहे त्याने?"

"बैलांच्या पाठीवर उंटासारखा उंचवटा असतो, आणि शिंगे अर्ध्या पावलाएवढी लांब असतात."

"वशिंड," मामा म्हणाले. "आणखी?"

"कबुतरांएवढी वटवाघळे."

"ती तर अंधार पडू दे, या वडावरच दाखवितो."

आणि मला हे मान्य केलेच पाहिजे की, पुस्तकात वर्षानुवर्षे वाचलेला तो ओडोरिक त्या संध्याकाळी प्रथम मला ठाण्याच्या रस्त्यावर उभा असलेला दिसला: कोणाच्या तरी दाराशी बांधलेल्या बैलाकडे टक लावून पाहणारा, पायांजवळून काही भयंकर मोठे जनावर सरसर गेले म्हणून दचकणारा. ठाण्यातल्या कोणाही लेखकाने त्या शतकात बैलाला वशिंड असते असे लिहून ठेवले नसते. ते लिहिण्यासारखे त्याला वाटलेच नसते. त्याआधी मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी जे लिहिले, की येथून उत्तम कमावलेले कातडे आणि सुती कापड निघते, आणि येथला राजा समुद्री चाच्यांशी करार करून लुटीतले घोडे तेवढे आपणाकडे घेतो, ते बहुधा ऐकीव असावे. त्यात जागेवरचे असे काही नाही. ओडोरिकच्या दोन ओळींत जागा आहे.

तरीही माझी मूळ तक्रार शिल्लक होती. मी फ्रायरचे नाव काढले.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य. १६७५ साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराने त्याला औषधोपचारासाठी बोलाविले, तेव्हा तो मुंबईहून निघून कल्याणवरून आणि मुरबाडवरून घाटावर गेला. म्हणजे त्या दिवशी आम्ही बसलो होतो तेथून फार लांब नव्हे अशा वाटेने. कल्याण पाहून तो हळहळला. दख्खनच्या मुसलमानी सत्तेने गमावलेले याहून वैभवशाली असे भग्नावशेष नसतील, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. चिरेबंदी, अनेक मजली इमारती पडलेल्या, तळ्यांच्या काठी मशिदी आणि थडगी, आणि जिवंत माणसे मात्र झोपड्यांत राहिलेली. वीस वर्षांत हे शहर किती हातांतून गेले होते! विजापूरकरांकडून १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी ते घेतले, १६६१ मध्ये मोगलांनी घेतले, पुन्हा मराठ्यांकडे आले. जळित, लूट, वेढा, सगळे त्याच्या वाट्यास आले.

"त्याने पाहिले ते खरेच आहे," मी म्हणाले, "पण मामा, याच कल्याणच्या खाडीवर महाराजांनी आरमाराची गलबते बांधावयास घेतली, आणि १६५९ मध्ये त्या बातमीने वसईचे पोर्तुगीज अस्वस्थ झाले. ज्या शहराच्या इमारती पडल्या होत्या त्याच शहराच्या काठावर सुतार, लोहार, कोळी, भंडारी मिळून काहीतरी उभे करीत होते. फ्रायर ज्या झोपड्यांची कीव करतो त्या झोपड्यांत कोण राहत होते? त्यांच्या मनात काय होते? ते हळहळत होते काय? की त्यांचा काळ आता कोठे सुरू होत होता? हे त्याने एकालाही विचारले नाही. तो माणसांना अवशेषांप्रमाणे पाहून गेला, आणि त्याचे पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापून निघाले. ते कल्याणातल्या कोणी कधी वाचले नाही. माझे दुःख हे आहे. त्याने वाईट लिहिले म्हणून नव्हे. आमच्याविषयी लिहिलेले आम्हांला कोणी ऐकविले नाही म्हणून."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. नदीच्या पलीकडे कोणी म्हशी धूत होते. मग ते म्हणाले, "हे तू आधी का नाही बोललीस?"

आणि त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. त्या दोन्ही मी जशा ऐकल्या तशा येथे देते, कारण माझा वाद त्यांच्यापुढे मला फार लहान वाटला.

पहिली त्यांच्या ऐन उमेदीतली. शहापूर तालुक्यातल्या एका सजावर ते तलाठी म्हणून प्रथम रुजू झाले, ते एप्रिल महिन्यात. पहाटे ओट्यावर तोंड धूत असता समोरच्या टेकडीवरून डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन बाया एका ओळीने उतरताना त्यांना दिसल्या. खालच्या ओढ्यात झरा खणलेला होता. रात्रभर त्यात जेवढे पाझरे तेवढे पहाटे वाटून घ्यावयाचे. मामा त्या वेळी बावीस वर्षांचे, कल्याणच्या नळाचे पाणी प्यालेले. त्यांना ते दृश्य इतके विलक्षण वाटले की त्यांनी बाया मोजल्या आणि रोजनिशीत लिहिले: अकरा. दुसऱ्या दिवशीही मोजल्या. महिनाभर मोजीत होते. "आणि तिसऱ्या वर्षी," मामा म्हणाले, "बदलीचा हुकूम आला, तेव्हा सामान बांधताना ती रोजनिशी हाताशी लागली. मी पाहिले तो पहिल्या महिन्यानंतर आकडा नाही. बाया उतरतच होत्या. मीच पाहणे सोडले होते. आणि त्याच तालुक्यातून तानसा, वैतरणा, एवढ्यांचे पाणी मुंबईला जाते, हे मी दप्तरात रोज पाहत होतो. म्हणून सांगतो, नव्या डोळ्याला हिणवू नकोस. माझा एकदा तसा होता. तो मला पुन्हा मिळाला नाही."

दुसरी गोष्ट २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची. निवृत्तीस थोडीच वर्षे राहिली होती, आणि उल्हास नदीकाठच्या एका गावात नुकसानीचे पंचनामे करण्यास त्यांना पाठविले होते. चिखल अजून कोरडा झालेला नव्हता. घरोघर जावयाचे, काय वाहून गेले ते लिहावयाचे, आणि शेवटी सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवून पंचांच्या सह्या व घरधन्याचा अंगठा घ्यावयाचा. एका म्हातारीचे घर पूर्ण गेले होते. मामांनी लिहिले: घर पडले, भांडी वाहून गेली, धान्य वाहून गेले, काही शिल्लक नाही. वाचून दाखविले, आणि म्हातारीने अंगठा मागे घेतला. 'जातं राहिलंय,' ती म्हणाली. खरोखरच चिखलातून जात्याचा खुंटा वर आलेला दिसत होता. मामा तिला म्हणाले, आजी, शिल्लक नाही असे असू द्या, तुमच्याच फायद्याचे आहे. तिने ऐकले नाही. 'जातं राहिलंय ते लिही,' एवढेच ती म्हणत राहिली, आणि जाते लिहिल्यावाचून तिने अंगठा दिला नाही.

"पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ असते," मामा म्हणाले. "वाचून दाखविला, बरोबर आहे. ती ओळ मी हजारदा लिहिली असेल, पण ती कशासाठी असते हे मला त्या म्हातारीने शिकविले. तुझ्या फ्रायरच्या कागदावर ती ओळ नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे. वाचून दाखविले असते, तर कल्याणच्या कोणी ना कोणी सांगितले असते की तळे राहिले आहे, खाडी राहिली आहे, ते लिही."

तळे आजही आहे. जुनी माणसे त्याला शेणाळे म्हणतात, बाकीचे काळा तलाव म्हणतात, आणि माझ्या शाळेतली मुले संध्याकाळी त्याच्या काठाने धावण्याचा सराव करतात.

यानंतर आमच्यात वाद म्हणावा असा काही उरला नव्हता, तरी मामांना आनंदीबाईंची आठवण झाली, आणि ते साहजिकच होते. कल्याणात परदेशप्रवासाचा विषय निघाला आणि आनंदीबाई जोशी आठवल्या नाहीत असे होत नाही. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेली ही मुलगी १८८३ मध्ये एकटी अमेरिकेस गेली. "तीसुद्धा प्रवासीच," मामा म्हणाले. "नऊवारी नेसून ती बोटीतून उतरली तेव्हा तिकडच्या लोकांनी तिला पाहिले आणि तिने त्यांना पाहिले. तिच्याही पहिल्या नजरेत चुका असतील."

"असतील," मी म्हणाले, "पण ती कोणाच्या घरी उतरली ते पाहा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तिच्या नवऱ्याचे, गोपाळरावांचे, छापलेले पत्र १८८० मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता एका मासिकात वाचले, आणि आपण होऊन लिहिले. तेव्हापासून तीन वर्षे त्या दोघींची पत्रे येत-जात होती. एकीने आपल्या घराविषयी लिहावे, दुसरीने विचारावे. हिने आपल्या चालीरीतींविषयी लिहावे, तिने शंका काढावी. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. बोट किनाऱ्यास लागण्याआधी दोघींनी एकमेकींना किती वाचून दाखविले होते! मग १८८६ मध्ये फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली, पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात वारली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आणि तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकीप्सीला, ठेवून घेतल्या."

ओडोरिकने ठाण्याहून अस्थी नेल्या त्या आपल्या लोकांच्या. या अस्थी गेल्या त्या परक्या बाईने आपल्या म्हणून ठेवून घेतलेल्या. मामांना हे मी बोलून दाखविले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि मी नदीकडे पाहत राहिले.

आणखी एक नाव माझ्या मनात होते ते मी परतीच्या वाटेवर सांगितले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, घोडा घेऊन जुन्नरला गेला, आणि तेथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. चौलच्या लोकांविषयी त्याने जे पहिल्याने लिहिले त्यात त्यांचे उघडे अंग, उघडे डोके आणि केसांची एक वेणी हे सर्व आहेच; परंतु त्याबरोबर हेही आहे की, मी जाईन तेथे लोकांचा घोळका मागे येतो, गोरा माणूस पाहून त्यांना नवल वाटते. माझ्या वाचनात आलेल्या सर्व प्रवाशांत याच्याविषयी मला माया आहे ती एवढ्यासाठी. आपणही पाहिले जात आहोत, हे त्याला पहिल्याच दिवशी कळले होते.

आम्ही स्थानकावर पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. जर्मन मुलाला गाडीत बसवून द्यावयाचे होते. फलाटाच्या टोकाशी ती करवंदवाली अजून बसली होती. पाटीच्या तळाशी पेलाभर माल उरला असेल. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "त्या मुलाला सांग, वही काढ म्हणावे."

मी सांगितले. तो गोंधळला, मग त्याला अर्थ कळला आणि त्याचा चेहरा लाल झाला. पण वही त्याने काढली, आणि सकाळची ती दुसरी नोंद शब्द न वगळता वाचली. मी ती मराठीत सांगितली: तुला हिशेब नीट येत नसावा, असे त्याने लिहिले आहे.

बाईला राग आला नाही. तिने त्याच्याकडे नीट पाहून घेतले. "पाच पेले दिले, पाचाचं पैसं घेतलं. मोजता येतं मला," ती म्हणाली.

"मग वरची मूठ?" मामांनी विचारले.

"ती वरची. ती पेल्यातली नाय. वरचं द्यावं लागतं का नाय, बाबा? नुसतं मापावर कसं देऊ?"

मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. 'वरचं' या शब्दाशी अडला. दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतला, आणि रोमन अक्षरांत लिहून मामांना दाखविला. मामांनी चष्मा लावून तो तपासला.

मग त्यानेच आपण होऊन पान उलटले आणि नदीची नोंद वाचली. पाण्याची ददात नाही, हे मी मराठीत सांगितले तेव्हा शेजारची दुसरी बाई मान वर करून ऐकू लागली. करवंदवालीने डोंगराकडे हात केला. "आमचा पाडा तिकडं. नदीचं पाणी वर चढत नाय. बोअरिंग होळीपातूर चालतं, मग विहिरीत उतराया लागतं. रातच्या तीनला जातो आम्ही."

"किती जणी?" त्या मुलाने इंग्रजीत विचारले, आणि मी भाषांतर करण्याआधीच मामांनी तो प्रश्न मराठीत केला.

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. प्रत्येक पेरावर ती एकेक नाव घेत होती. कोणाची सून, कोणाची आई, एक पोटुशी, ती येते पण तिचा हंडा दुसरी उचलते, तिला धरायचे की नाही, यावर त्या दोघींचे थोडे बोलणे झाले, आणि धरायचे असे ठरले. टिटवाळ्याकडे जाणाऱ्या गाडीची शिटी वासिंदच्या अंगाने ऐकू आली. मामा उकिडवे बसले होते तसेच बसून होते.

"सतरा," ती म्हणाली.

मुलाने लिहिले. गाडी फलाटाला लागत होती, मामेभाऊ त्याचा दंड धरून ओढीत होता. परंतु मामांनी हात वर करून त्याला थांबविले.

"आधी तिला वाचून दाखव म्हणावे," ते मला म्हणाले.